आगाडी, पिछाडी आणि किल्ली

'गाडी' या मराठी शब्दाचा अर्थ प्रदेशानुसार बदलतो. मुंबईत गाडी म्हणजे लोकल, कोकणात गाडी म्हणजे एसटी आणि पुण्यात गाडी म्हणजे दुचाकी, मग तिचा मालक चारचाकीचाही धनी का असेना. 'वाहन' हा शब्द 'वह्' म्हणजे वाहून नेणे या संस्कृत धातूपासून आला असला, तरी पुण्यातल्या नोकरदाराच्या मोटारसायकलचा दिनक्रम पाहिला तर ती सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास वाहते व उरलेले २२ तास नुसती उभी असते, त्यामुळे तिची गणना वाहनांत न करता स्थावर मालमत्तेत करणे अधिक शास्त्रशुद्ध ठरले असते. या २२ तासांपैकी निम्म्याहून अधिक काळ ती मालकाच्या घराखाली असते, आणि त्यातही रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत मालक वर निजलेला व गाडी खाली उघड्यावर, अशी दोघांची रोजची ताटातूट होते. या सात तासांत स्थावर मालमत्ता पुन्हा जंगम होऊ नये म्हणून माणूस जे जे करतो, त्याचे स्वरूप, वर्गीकरण आणि फलित यांचा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न मोटारसायकलइतका अलीकडचा नाही. तिच्याआधी घोडा होता, आणि तो एका बाबतीत अधिक अवघड होता, कारण त्याला पळून जाण्यासाठी चोराची गरज लागत नसे. म्हणून पागेत, म्हणजे घोड्यांच्या ठाणात, त्याला दोन बाजूंनी बांधत. पुढून बांधायच्या दोरीला आगाडी आणि मागच्या पायांना बांधायच्या दोरीला पिछाडी असे म्हणत. मराठी फौजेत स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, असे घोडेस्वारांचे दोन वर्ग होते. शिलेदाराचा घोडा गेला तर नुकसान शिलेदाराचे आणि बारगिराचा गेला तर सरकारचे, इतका हा हिशेब सरळ होता. आजच्या काळात रोख पैसे मोजून गाडी घेणारा हा शिलेदार मानता येतो, परंतु हप्त्यांवर गाडी घेणाऱ्याला बारगीर म्हणता येत नाही. त्याच्या आरसी बुकात, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रात, बँकेचे नाव तारणदार म्हणून नोंदलेले असते, पेट्रोल त्याच्या खिशातून जाते आणि गाडी चोरीला गेली तरी हप्ता पुढच्या पाच तारखेला ठरल्याप्रमाणे कापला जातो. घोडा सावकाराचा, चारा स्वाराचा आणि घोडा गेल्यावरही चाऱ्याचे पैसे चालूच, ही व्यवस्था पेशव्यांच्या दफ्तरालाही सुचली नव्हती.

घोड्यानंतरच्या काळात दुचाकीला आसरा दिला तो वाड्याने. योगायोग असा, की पुण्याच्या दोन प्रसिद्ध दुचाकी, बजाजची चेतक आणि कायनेटिकची ५० सीसीची लूना, एकाच वर्षी म्हणजे १९७२ मध्ये बाजारात आल्या. लूना इतकी हलकी होती, की घरातला धडधाकट मुलगा ती दोन पायऱ्या उचलून ओसरीवर चढवू शके, आणि चेतक इतकी दुर्मीळ होती, की तिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागल्याने तिच्यावर मालकाइतकीच संपूर्ण वाड्याची नजर असे. रात्री वाड्याचा मोठा दरवाजा अडसर घालून बंद होई आणि येण्याजाण्यासाठी केवळ दिंडी, म्हणजे त्या दरवाजातच बसवलेला छोटा दरवाजा, उघडी राही. दिंडीतून माणसाला वाकून जावे लागते आणि स्कूटरला वाकता येत नाही, हे या रचनेचे सौंदर्य होते. त्यातूनही कोणी चौकात शिरलाच, तर ओसरीवर एक आजी असत. त्यांना रात्री झोप लागत नसे व दिवसा आपण झोपतो हे त्या मान्य करत नसत. खुट्ट झाले की 'कोण रे?' असा प्रश्न येई, आणि त्याला उत्तर देणाऱ्याला पुढे कोणाचा कोण, इतक्या रात्री कुठून आणि आईचे गुडघे आता कसे आहेत, या उपप्रश्नांनाही सामोरे जावे लागे. इतकी चौकशी सोसून चोरी करण्याची उमेद फार थोड्या चोरांत असते.

वाडे पडले, त्यांच्या जागी सहकारी गृहनिर्माण संस्था आल्या आणि त्यांच्याबरोबर 'स्टिल्ट पार्किंग' आले. स्टिल्ट म्हणजे इमारतीला खालून तोलून धरणारे उंच खांब, आणि त्या खांबांमधली बिनभिंतींची जागा म्हणजे पार्किंग. स्थापत्याच्या दृष्टीने हा बदल किरकोळ असला तरी चौर्यकर्माच्या इतिहासात तो युगप्रवर्तक ठरतो. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात, जे गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी संगीत रंगभूमीवर आणले, शर्विलक नावाचा चोर चारुदत्ताच्या घराला भोक पाडण्यापूर्वी कमळ, सूर्य, चंद्रकोर, पूर्णकुंभ अशा आकारांपैकी या भिंतीला कोणता शोभेल याचा रसिकतेने विचार करतो आणि मोजमापाची दोरी विसरल्यामुळे जानव्याने माप घेतो. भिंतच नाहीशी झाल्यावर ही कलाही लोपली, आणि आजच्या चोराला ना आकाराची जाण लागते ना जानव्याची. याच पार्किंगविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असा निर्णय दिला, की बिल्डरला मोकळ्या किंवा खांबांमधल्या पार्किंगची जागा सदनिकेप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येणार नाही. अशा रीतीने जागेची विक्री थांबली. तिच्यावर उभ्या असलेल्या गाडीची विक्री मात्र मालक झोपल्यावर अधूनमधून होत राहते.

गाडीच्या रक्षणाचे उपाय तीन प्रकारचे आहेत. गाडीच्या स्वभावातच असलेले ते उपजत, विकत आणून लावलेले ते लौकिक आणि ज्यांचा परिणाम होतो असे केवळ मानले जाते ते श्रद्धेय, असे हे वर्गीकरण करता येते.

उपजत उपायांचे सुवर्णयुग होऊन गेले. चेतक सुरू करण्यापूर्वी तिला एका अंगावर तिरकी करावी लागे, ती किती तिरकी, किती वेळ आणि त्यानंतर चोक किती ओढायचा, हे ज्याच्या त्याच्या चेतकचे घराणे ठरवत असे आणि ही विद्या बापाकडून मुलाकडे जात असे. जुन्या बुलेटचे प्रकरण याहून गहन होते. तिच्या हेडलाइटच्या वरच्या बाजूला एक अँपिअर मीटर असे, डीकॉम्प्रेशनचा छोटा खटका दाबून किक हलकेच फिरवत त्या मीटरचा काटा बरोबर मध्यावर आणावा लागे आणि मगच खरी किक मारता येई. घाई केल्यास किक उलटून पायावर येई आणि चोराला आलेल्या वाटेने लंगडत परत जावे लागे. त्यातून ती सुरू झालीच, तर तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे, त्यामुळे इतर गाड्यांवर हात बसलेला चोर थांबण्याच्या इच्छेने गिअर बदले. शिवाय जुन्या गाड्यांना पेट्रोलचा कॉक असे, म्हणजे टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलची छोटी तोटी, आणि ती बंद करून झोपण्याची पद्धत होती. मग गाडी चोरीला गेली तरी कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर ती थोडे अंतर जाऊन चौकातच बंद पडे, आणि चोर तिला तिथे सोडून जाई. हे ज्ञानाचे कुलूप होते. ते लोखंडाचे नसल्यामुळे तुटत नसे. परंतु प्रगतीने ते काढून घेतले. बटणस्टार्ट आला, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर कार्ब्युरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरने घेतली, कॉकही गेला, आणि गाडी आता कोणाही अनोळखी माणसाच्या बोटाला तितक्याच आज्ञाधारकपणे साद देते. निर्मात्यांनी ती सर्वांसाठी सोपी केली. 'सर्वांसाठी' या शब्दात कोणकोण येते याचा विचार राहून गेला.

लौकिक उपायांत पहिला मान हँडल लॉकचा. हँडल एका बाजूला पूर्ण वळवून किल्ली फिरवली, की आतली एक दांडी खोबणीत बसते आणि गाडी मानपान न झालेल्या व्याह्यासारखी तोंड फिरवून रात्रभर उभी राहते. ही जुन्या पागेतली आगाडी होय. पिछाडीचे काम चाकातून ओवलेली साखळी करते. साखळीविषयी शास्त्र असे सांगते, की ती केवळ चाकाला न बांधता एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला बांधावी, कारण नुसते चाक अडवलेली गाडी चारजण उचलून टेम्पोत ठेवू शकतात. येथेच शास्त्र आणि सोसायटी यांचा संघर्ष सुरू होतो. पार्किंगमधल्या न हलणाऱ्या वस्तू म्हणजे पाण्याचा पाइप, लिफ्टची जाळी आणि सचिव, आणि या तिन्हींना साखळी बांधण्यास कार्यकारिणीची परवानगी मिळत नाही. तेव्हा दोन शेजारी आपापल्या गाड्या एकमेकींना बांधतात. दोन गाड्या एकत्र उचलणे चोराला जड जात असल्याने ही युक्ती गुणकारी आहे. तिचा एकच दुष्परिणाम असा, की नऊ वाजता कचेरी असलेल्या गृहस्थाला अकरा वाजता उठणाऱ्या शेजाऱ्याच्या दिनचर्येत रस घ्यावा लागतो.

पुढच्या चाकाच्या डिस्क ब्रेकच्या तबकडीला लावायचे डिस्क लॉक हे आकाराने सर्वांत लहान आणि स्वभावाने सर्वांत निःपक्षपाती कुलूप आहे. गाडी पुढे सरकली की ते तिला जागच्या जागी थांबवते व आडवी करते, आणि सरकवणारा चोर आहे की घाईत कुलूप विसरलेला मालक आहे याची शहानिशा करत बसत नाही. म्हणून त्याच्याबरोबर एक नारिंगी गुंडाळीची दोरी मिळते, जी हँडलला अडकवून ठेवल्यास मालकाला कुलपाची आठवण राहते. पहिल्याच पावसाळ्यात ही दोरी वाळत घातलेल्या रेनकोटाला बांधली जाते.

किमतीने वरच्या पायरीवर अलार्म आणि जीपीएस येतात. अलार्म म्हणजे गाडीला धक्का लागताच किंचाळणारे यंत्र. तो पहिल्या रात्री मांजर सीटवर बसल्यामुळे वाजतो आणि संपूर्ण इमारत गॅलरीत येते, दुसऱ्या रात्री निम्मी येते आणि आठव्या रात्री शेजारी मालकाला फोन करतात, तो गाडीच्या काळजीने नव्हे. गणपतीपूर्वी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की पेठांमधले अलार्म ताशाला साथ देऊ लागतात, आणि लांडगा आला रे आला या गोष्टीतल्या मुलाची जी गत झाली तीच त्यांची होते. जीपीएस हे आकाशातल्या उपग्रहांकडून गाडीचा ठावठिकाणा काढून सिमकार्डामार्फत मालकाच्या मोबाइलला कळवणारे उपकरण असून ते चोरी थांबवत नाही, तर चोरी कुठपर्यंत पोहोचली ते दाखवते. प्रत्यक्षात त्याचा उपयोग गृहिणीला अधिक होतो, कारण 'मीटिंगमध्ये आहे' असे सांगणाऱ्या पतीची गाडी कर्वे रस्त्यावरच्या अमृततुल्यासमोर दीड तास उभी आहे, ही माहिती उपग्रह कोणताही पक्षपात न करता पुरवतो.

श्रद्धेय उपायांत लिंबू-मिरची अग्रस्थानी आहे. दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून आणि चाकासमोर नारळ वाढवून तिची पूजा होते, आणि मग तिला नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधली जाते. तर्कदृष्ट्या यात काही चूक नाही, कारण चोरीचा आरंभ नजरेपासूनच होतो आणि चोराची नजर हीदेखील वाईट नजरच आहे. याच वर्गात गाडीचे कव्हर येते. गाडीचे मॉडेल कळू नये हा त्याचा हेतू, परंतु पुष्कळ कव्हरांवर ते मॉडेल वीतभर अक्षरांत छापलेले असते. सीटखालच्या उबेत मांजर व्यायल्यास मात्र कव्हराची उपयुक्तता एकदम वाढते, कारण मग महिनाभर त्या गाडीला चोरच काय, मालकही हात लावू शकत नाही.

नंबरप्लेटचे स्थान श्रद्धेय आणि लौकिक यांच्या सीमेवर आहे. पूर्वी ४१४१ हा क्रमांक 'दादा' असा आणि २१४ हा 'राम' असा वाचता येईल अशा वळणात रंगवून देणारे कलावंत आरटीओच्या आसपास असत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना आणि पुढे जुन्यांनाही उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची झाली; तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम व लेसरने कोरलेला क्रमांक असतो आणि ती एकदा बसवली की तोडल्याशिवाय निघत नाही. तिच्यामुळे पाटी सुरक्षित झाली हे निर्विवाद आहे. गाडीची खरी ओळख मात्र पाटीवर नसून चेसिसवर, म्हणजे सांगाड्यावर, ठोकलेल्या १७ अक्षर-अंकांच्या क्रमांकात असते. त्यात एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत, इतकी काळजी जगभर घेतली जाते. आणि हा क्रमांक आपल्या गाडीवर नेमका कुठे आहे हे मालकाला माहीत नसते, चोराला माहीत असते.

मानवी रक्षकांत वॉचमनचा विचार सर्वप्रथम करावा लागतो. रात्री त्याच्यासमोर एक वही असते आणि तिच्यात आत येणाऱ्याने नाव, फ्लॅट क्रमांक व मोबाइल क्रमांक लिहावा असा दंडक असतो. या पद्धतीतली उणीव अशी, की गाडीचा चोर हा चोर म्हणून प्रकट होतो तो आत येताना नव्हे तर बाहेर जाताना, आणि बाहेर जाणाऱ्यासाठी वहीत रकाना नाही. उलट मोटारसायकलवरून ऐटीत बाहेर पडणाऱ्याला वॉचमन फाटक उघडून देतो, कारण न उघडल्यास दुसऱ्या दिवशी सभासद तक्रार करतात हे त्याने अनुभवाने जाणलेले असते. यावर पुण्यापुरता एक शास्त्रीय निकष सुचवता येईल. हेल्मेटसक्तीच्या विरोधात जानेवारी २०१९ मध्ये ज्या शहरात मोर्चा निघाला, त्या शहरात पहाटे तीन वाजता हेल्मेट घालून, काच खाली ओढून आणि चौकात सिग्नलला थांबून जाणारा माणूस त्या गाडीचा मालक असण्याची शक्यता कितपत धरावी, हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे.

सोसायटीतला कुत्रा दुसरा रक्षक. रात्रपाळीहून परतणाऱ्या सभासदावर तो दहा वर्षे नेमाने भुंकतो आणि ग्लुकोज बिस्किटे घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला फाटकापर्यंत पोहोचवायला जातो. तिसरा रक्षक सीसीटीव्ही. वार्षिक सर्वसाधारण सभेत दोन तास चर्चा होऊन तो मंजूर होतो, आणि त्यातील चित्रण काही दिवसांनी जुन्यावर नवे असे आपोआप पुसले जाते. न पुसले गेल्यास त्यात एक करडी आकृती एका काळ्या आकृतीजवळ येताना व दोन्ही आकृती नाहीशा होताना स्पष्ट दिसतात. हे चित्रण न्यायालयात सादर करायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याला प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे चोर कोण हे कळले नाही तरी धूसरपणा अस्सल आहे हे सिद्ध करता येते.

आता कायद्याकडे वळता येईल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे, जी १८६० च्या दंड संहितेत कलम ३७८ मध्ये होती. जंगम वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक उद्देशाने घेण्यासाठी जो हलवतो तो चोरी करतो, असा तिचा आशय आहे. यातील 'हलवणे' महत्त्वाचे. वस्तू घरी नेण्याची गरज नाही. पुण्यातल्या पार्किंगमध्ये आपली गाडी काढण्यासाठी दुसऱ्याच्या सहा गाड्या रोज संमतीवाचून हलवाव्या लागतात, आणि तेथील सभासद सज्जन ठरतात ते केवळ उद्देशाच्या निकषावर. भाच्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. मामाची गाडी 'आत्ता आलो' एवढेच सांगून नेणारा आणि टाकी रिकामी करून परवा आणणारा भाचा व्याख्येतल्या जवळजवळ सर्व अटी पूर्ण करतो. त्याला वाचवते ती मामीची संमती.

गाडी खरोखरच गेल्यावर मालकाला जे ज्ञान होते त्याचे स्वरूप तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने रंजक आहे. जमिनीवर घट नाही, हे अभावाचे उदाहरण न्यायशास्त्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. घट नाही हे डोळ्यांना दिसते, की न दिसण्यावरून कळते, यावर नैयायिक आणि मीमांसक शतकानुशतके वाद घालत राहिले. पुणेकर हा वाद सकाळी साडेआठला एकट्याने घालतो. जमिनीवर तेलाचे चार थेंब आहेत, स्टँडचा खळगा आहे, गाडी नाही. परंतु ती चोरीला गेली असे तो लगेच म्हणत नाही, तर काल मंडईत लावून रिक्षाने तर आलो नाही ना, टोइंगवाल्यांनी तर उचलली नाही ना आणि भाचा तर येऊन गेला नाही ना, असे तीन पूर्वपक्ष खोडून काढल्यावरच सिद्धांताप्रत येतो. पुढे पोलीस येऊन घटनास्थळाचा पंचनामा करतात, म्हणजे पंचांसमक्ष जागेची नोंद घेतात. तेव्हा दोन प्रतिष्ठित सभासद तेथे काहीही नाही या वस्तुस्थितीखाली सही करतात आणि अभाव हा स्वतंत्र पदार्थ असल्याचे कागदोपत्री मान्य होते.

तपासाअंती गाडी न मिळाल्यास महाराष्ट्रात पोलीस 'ए समरी' अहवाल न्यायालयात पाठवतात. गुन्हा खरा आहे परंतु आरोपीचा शोध लागला नाही, असा तिचा अर्थ; फिर्याद खोटी निघाल्यास 'बी समरी' असते. विमा कंपनीला हा कागद लागतो. येथे अनेकांना प्रथमच कळते, की कायद्याने सक्तीचा असलेला त्रयस्थ विमा हा गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देतो, गाडी गेल्याचे नुकसान भरून देत नाही, त्यासाठी वेगळा विमा उतरवावा लागतो. तो असल्यास आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेले गाडीचे मूल्य, मिळू शकते, आणि ते गाडीच्या वयाप्रमाणे घटत जाते. पाचव्या वर्षात ते निम्म्यावर येते. १९९६ मध्ये बंद झालेल्या यामाहा आरएक्स १०० चे मूल्य विमा कंपनीच्या लेखी नगण्य, मालकाच्या लेखी अमूल्य आणि चोराच्या लेखी बाजारभावाप्रमाणे असते, आणि या तिघांत व्यवहारी दृष्टी चोराचीच म्हणावी लागते. याशिवाय विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. दुसरी किल्ली गाडी घेतल्या दिवशी जपून ठेवलेली असते, इतकी जपून, की ती कुठे ठेवली हे घरातल्या कोणालाही सांगता येत नाही. तिच्या शोधार्थ कपाटे उपसल्यावर हरवलेले रेशनकार्ड, एका लग्नाचा आहेर न केलेला लिफाफा आणि लूनाची किल्ली सापडते. एवढे सोपस्कार झाल्यावर हाती येईल ती रक्कम म्हणजे चोराच्या हातची लंगोटी. आणि तिच्यातून पुढच्या गाडीसाठी जे भक्कम कुलूप आणले जाते ते वरातीमागून घोडे.

या सर्व उपायांचा एकत्रित विचार केल्यास एक अप्रिय निष्कर्ष निघतो. कोणतेही कुलूप चोराला कायमचे थांबवत नाही, ते त्याला फक्त उशीर लावते, आणि उशीर होतो असे दिसताच चोर निघून जात नाही तर शेजारच्या गाडीकडे वळतो. याचा अर्थ असा, की एका सभासदाने भारी साखळी आणली म्हणजे इमारतीतली चोरी टळली असे होत नाही, ती एक जागा पुढे सरकते. आणि रात्री आपल्या गाडीला दोन कुलपे लावून समाधानाने जिना चढणारा सद्गृहस्थ शेजाऱ्याच्या निष्काळजीपणावर विसंबून झोपत असतो. वाड्यात असे नव्हते. तेथे कुलूप एकच, मोठ्या दरवाजाचे, आणि ते सर्वांच्या गाड्यांना मिळून होते. ओसरीवरच्या आजी 'कोण रे?' विचारताना गाडी कोणाची आहे हे विचारत नसत. घरासमोरच्या गाडीचे रक्षण हे मुळात कुलपाचे शास्त्र नसून शेजाराचे शास्त्र आहे, आणि त्याची साधने आजही फुकट मिळतात: कोणाची गाडी कोणती हे ठाऊक असणे, अवेळी स्टँड काढल्याचा आवाज आला तर कूस न बदलता गॅलरीत येणे आणि खाली दिसणाऱ्याला न लाजता नाव विचारणे.

शेवटी किल्लीविषयी. हँडल लॉक, साखळी, अलार्म आणि लिंबू-मिरची यांनी सज्ज असलेल्या पुष्कळ गाड्यांची किल्ली रात्रभर गाडीलाच लोंबकळत असते, कारण मालक घरी पोहोचला तेव्हा त्याच्या एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात दुधाची आणि खांदा व कान यांच्यामध्ये मोबाइल होता. अशा गाडीपुढे शर्विलकाची विद्या आणि उपग्रहांची टेहळणी दोन्ही सारखीच निरुपयोगी ठरतात. वाचकाने हा लेख बाजूला ठेवून एकदा खाली जाऊन यावे. स्वतःची किल्ली खिशात असल्याची खात्री झाल्यावर शेजारच्या गाडीकडेही पाहावे, आणि तिला किल्ली लोंबत असेल तर ती काढून तिच्या मालकाची बेल वाजवावी. रात्री साडेअकराला दारात उभ्या असलेल्या, हातात आपल्याच गाडीची किल्ली घेतलेल्या माणसाला तो प्रथम चोर समजेल, तेवढे सोसावे.